आक्काचं पथ्य, माझं तेल

आक्काच्या पोटातली गाठ माझ्या तेलानं झाली, असं माझे दाजी चारचौघांत म्हणाले. ते वाक्य त्यांनी आजपर्यंत मागं घेतलेलं नाही. मी उभं आयुष्य बाजारात काढलेला माणूस आहे. मापात, भावात किंवा बोलण्यात कुणी मला कमी दिलं तर मी ते विसरत नाही, आणि हे तर सरळ माझ्या घाण्यावर थुंकणं होतं. पण लिहायला बसलो ते दाजींसाठी नाही. त्या उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात मी जे ऐकलं आणि पाहिलं, त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही, म्हणून बसलो.

आमचं गाव मुखेडकडचं. वडील आठवडी बाजारात बैलांची दलाली करत. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि दलाल हातांवर रुमाल टाकतात, त्याखाली एकमेकांची बोटं धरतात आणि आकडा बोटांतच ठरतो. भोवती कितीही गर्दी असली तरी कुणाला काही कळत नाही. ठरलं की हात सोडायचा. एकदा सोडला की त्या सौद्याबद्दल कुणी, कुणापाशी, पुन्हा तोंड उघडायचं नाही. वडील घरी आम्हा दोघा भावंडांना आपल्या उपरण्याखाली हे शिकवत, खेळ म्हणून. आक्का माझ्याहून मोठी. ती कधी हरली नाही. मी बोटं ओढायचो, चिडायचो, उठून अंगणात जायचो. परत यावं तर ती आपली जुन्याच आकड्यावर बसलेली.

"तम्मा," ती म्हणायची, "राग आला की तुझं बोट गरम होतंय. कळतंय मला."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. कानडी मुलूख जवळ, त्यामुळे असे शब्द आमच्या घरात मुरलेले.

आक्का बिलोलीकडच्या एका गावात दिली. घर जमीनजुमल्याचं, आमच्यापेक्षा वरचं. दलालाची पोर केली, हे ते लोक बोलून दाखवत नसत, पण विसरतही नसत. वडील लवकर गेले. मी सायकलला दोन्ही बाजूंनी तेलाचे डबे बांधून खेडोपाडी फिरलो. मुखेडहून उदगीर, उदगीरहून लातूर असं सरकत सरकत स्वतःचा घाणा टाकला. लातूर जिल्हा झाला तेव्हा माझं दुकान गंजगोलाईच्या एका फाट्यावर नुकतंच उभं राहिलं होतं. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, पाटीवरचा रंग वाळायच्या आत साहेब हजर. साहेबांच्या बायका कुठलं तेल घेतात ते मी आठवड्याभरात हुडकून काढलं होतं. कुणी मला हात धरून वर आणलं नाही. म्हणून माझ्या तेलाला कुणी नाव ठेवलं की मला ते माझ्या अंगावर आल्यासारखं वाटतं.

दर दिवाळीला आक्काच्या घरी करडईच्या तेलाचा एक डबा जायचा. माहेर म्हणून तिला मीच उरलो होतो, आणि माहेरची वस्तू म्हणून तो डबा.

मग पावसानं दोन सालं दगा दिला. करडई तशी काटक, नुसत्या ओलीवर आणि थंडीवर येणारी, पण त्या वर्षी रानात तीही विटकरी रंगाची होऊन उभ्या उभ्या वाळली. बी मिळेना. बाजारात भेसळीचं तेल सुटलं. लोक तेलाकडे संशयानं बघायला लागले. मी भेसळ केली नाही. कमी विकलं, पण केली नाही. हे माझ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात आक्काचं पोट वाढायला लागलं. आधी वायू म्हणून ओवा झाला. मग शेजारच्या बायकांनी, या वयात काय ग, म्हणून थट्टा केली. मग जेवण तुटलं, दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी नांदेडला एका डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. बाईंनी काढता येईल तेवढं काढलं आणि सांगितलं, आता सलाईनमधून औषध द्यावं लागेल, थोड्या थोड्या दिवसांनी, बऱ्याच खेपा. औषध हैदराबादहून यायचं.

तिथं दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सगळी भावकी जमली होती. उदगीरचे दोन व्यापारीही होते, ज्यांच्याशी माझा रोजचा व्यवहार. दाजी म्हणाले, "दवाखाना मी करीन. पण गाठ आमच्या घरातली न्हाई. ती डब्यातनं आलेली हाय, तेलवाले पाव्हणे."

मी काय बोललो ते लिहीत नाही. मला चौघांनी धरून बाहेर नेलं एवढं पुरे.

पुढं जे झालं ते त्याहून वाईट. भावकीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं पथ्य सांगितलं. गाठीला खायला मिळालं की ती वाढते, खायला तोडलं की वाळते. दुष्काळात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी तोडलं की उभं पीक दोन आठवड्यांत काडी होतं, हे बघितलेल्या माणसांना ते इतकं पटलं की कुणी शंका काढली नाही. तेल बंद. तूप, दूध, शेंगदाणे, गूळ, तूर, वांगं बंद. भाकरी जड म्हणून बंद. तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, दिवसातून दोनदा. पीक आणि तण एकाच रानात असतं, पाणी तोडलं तर आधी कोण वाळेल, एवढं शेतकऱ्यांच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी भांडायला गेलो तेव्हा समोर अत्याबाई होत्या, आक्काच्या सासूबाई. सकाळी उठून, लिंगाची पूजा करून, त्या वाटीत पेज घ्यायच्या. अर्धी सुनेला आणि अर्धी स्वतःला. सून जे खाणार तेच मी खाणार, असं त्यांनी देवापुढं बोलून टाकलं होतं. सत्तरीच्या बाई. गळ्यातली शिवलिंगाची डबी आता त्यांच्या बरगड्यांवर टेकत होती. मी आयुष्यात नाना तऱ्हेच्या माणसांशी भांडलो, पण स्वतः उपाशी राहून समोरच्याला उपाशी ठेवणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं. आणि आक्का तर त्यांच्यामुळंच हटत नव्हती. मी चोरून शेंगदाण्याचा लाडू नेला तर म्हणाली, "म्हातारी माझ्यासाठी वाळून चालली अन् मी चोरून खाऊ?"

औषधाची दुसरी खेप आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त पाहिलं, वजन पाहिलं आणि औषध द्यायचं नाकारलं. या अंगात हे औषध सोसणार नाही, म्हणाल्या. आठ दिवसांत खाऊन जरा उभी राहिली तर देईन, नाहीतर थांबावं लागेल. थांबलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची माझीही छाती झाली नाही.

भावकी निघून गेल्यावर मी एकटा त्यांच्या खोलीत गेलो. खरं सांगायचं तर बहिणीच्या जिवाइतकाच मला माझ्या तेलाचा निकाल हवा होता. मी म्हटलं, बाई, तेलानं हे होतं का, कागदावर लिहून द्या.

त्या हसल्या. "मी काय बाजार समिती आहे का, शिक्का मारून द्यायला?"

मी म्हटलं, मग तोंडानं सांगा. नाही होत म्हणा.

"तुमचं तेल किती घरांत जातं?"

"निम्म्या लातुरात," मी म्हटलं. थोडं वाढवून सांगितलं, पण फार नाही.

"मग निम्म्या लातुरातल्या बायका माझ्याकडे का येत नाहीत?" त्या म्हणाल्या. "तुमच्या तेलानं झालं असं मी म्हणणार नाही. तेल खाल्लं म्हणून टळलं असतं असंही म्हणणार नाही. अमुक एक पदार्थ खाल्ला म्हणून हा आजार झाला, असं आज आम्हाला ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या आईकडे कुणाला असं झालं होतं का?"

मला एकदम मावशी आठवली. आईची सख्खी बहीण. बाहत्तरच्या मोठ्या दुष्काळानंतर तिचं पोट असंच फुगलं होतं. जलोदर म्हणाले, आणि ती गेली. तेव्हा सगळ्यांनी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीवर खापर फोडलं होतं. माणसांचं खाणं नव्हतं ते, पोटात गेलं आणि सडलं, असं अजूनही आमच्याकडे म्हातारे सांगतात.

बाई म्हणाल्या, "मिलो तर अख्ख्या मराठवाड्यानं खाल्ली."

मी तेल सोडवायला आलो होतो. ते सुटलंही. पण माझ्या घाण्यावरचा आळ निघाला तो सरळ माझ्या आईच्या रक्तापाशी येऊन थांबला. सौद्यात असं कधी कधी होतं. मागितलेलं मिळतं आणि हातात घेतल्यावर कळतं की हे आपल्याला नको होतं.

मग त्यांनी मला अंडाशय म्हणजे काय ते सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कीव आली असेल. टेबलावर कुणीतरी पेशंटनं आणलेला सुका मेवा होता, त्यातला टरफलासकट एक बदाम त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. एवढंच असतं, दोन्ही बाजूंना एकेक. आणि मुलगी जन्माला यायच्या आधीच, ती आईच्या पोटात असतानाच, तिच्या आयुष्यभराची सगळी बीजं त्यात तयार असतात. नंतर एकही नवं होत नाही.

मी विचारलं, म्हणजे माझी बहीण माझ्या आईच्या पोटात होती, तेव्हा माझी भाची, तिची लेक...

"तेव्हा ती बीज म्हणून तिथं होतीच," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. समोर रस्त्यावर टँकर उभा होता आणि घागरींची रांग लागली होती. मला आमची आई आठवत होती. आक्काच्या वेळी गावात अशीच टंचाई होती, असं ती सांगायची. तरवटाचा पाला, अंबाडीची भाजी, कण्या, आणि जोंधळ्याचं पाणीदार आंबील. या चार जिनसांवर नऊ महिने काढले, म्हणायची. त्या पाल्यातून आक्का झाली. आणि आक्कात, जगात येण्याआधीच, माझी भाची बीज होऊन बसलेली. दोन पिढ्या एका उपाशी बाईच्या पोटात, आणि दोघीही धडधाकट जन्मल्या. मी धंद्यात बियांचा माणूस. बियात तेल किती, हे चिमटीत दाबून सांगतो. पण बी म्हणजे काय हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. तळहातावर बदाम अजून तसाच होता. तो मला खाववेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो. ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलाची फोडणी दिलेलं तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. अत्याबाई खाली पेजेची वाटी घेऊन होत्या. दाजी दारात बसलेले. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, मावशीचंही. सांगताना आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

दाजी म्हणाले, "डाक्टरला तुम्हीच पढवलं असणार. सौद्यात तुम्हाला कोण हरवणार."

मी डबा खाली ठेवला तो हात मोकळे व्हावेत म्हणूनच. आक्कानं ते ओळखलं. ती म्हणाली, "तम्मा, रुमाल काढ."

मला आधी कळलं नाही. तिनं हात पुढं केला. हात कसला, काड्यांची जुडी. मी खिशातला रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला आणि तिची बोटं धरली. गार होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिची बोटं गार होती. मी चार बोटं दाबली. भाकरीचे चार चतकोर, म्हणजे अख्खी भाकरी. तिनं माझं एक बोट धरलं.

मी पुन्हा चार. ती एकावरच. दाजी आणि अत्याबाई आमच्याकडे बघत होते आणि त्यांना काही समजत नव्हतं. दलालाच्या घरची विद्या त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती.

मग ती तोंडानं बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी जे खाईन ते अत्याबाई खातील. माझ्याबरोबर, याच डब्यातलं." आणि रुमालाखाली दोन बोटं धरली.

म्हातारीनं वाटी खाली ठेवली. म्हणाली, "मी देवापुढं बोलले हाय ग."

"तुम्ही काय बोललाव? सून खाईल ते खाईन म्हणलाव न्हवं? मग खावा की," आक्का म्हणाली.

मी थक्क होऊन बघत राहिलो. इतके दिवस आम्ही सगळे ज्या नवसाला भिंत समजून डोकं आपटत होतो, त्यातच तिनं दार काढलं होतं. नवस मोडला नव्हता. तिनं तो फक्त पलटी केला होता.

मी तीन बोटं दाबली. ती दोनावर. आता तिची दुसरी अट आली. "तेलाचं बोलणं आजपासून बंद. यांनी बोलायचं न्हाई. अन् तूही मागायचं न्हाई."

"म्हणाले ते खोटं हाय, आक्का."

"खोटंच हाय. पण मी आता खोटं-खरं करीत बसू का जेवू?"

मी हात ओढला. तिनं सोडला नाही. त्या काड्यांत कुठून जोर आला कुणास ठाऊक. "बघ," ती म्हणाली, "बोट गरम झालं तुझं."

ती हसली. ऑपरेशन झाल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी दारातल्या माणसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उदगीरच्या व्यापाऱ्यांपुढं तो शब्द बोलला गेला होता, तो त्यांच्यापुढंच मागं घेतला जायला हवा होता. तो माझा हक्क होता. मी तो त्या रुमालाखाली सोडला. तिनं तिसरं बोट धरलं. मी चौथं मागितलं नाही. हात सुटले.

सौदा झाला.

अत्याबाईंनी वर बसून डब्यातला पहिला घास मोडला आणि सुनेला दिला, मग स्वतः घेतला. वरणातलं तेल त्यांच्या बोटांवर चमकत होतं. दोघी सावकाश चावत होत्या. शेजारची बाईसुद्धा बघत होती. मी बाजारात धान्याच्या राशी पाहिल्यात, तेलाच्या धारा पाहिल्यात, पण भाकरीचा एक चतकोर माणसाच्या आत जाताना एवढा मोठा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "चटणी लई तिखट हाय," आणि आणखी घेतली. दाजी उठले. कोपऱ्यातल्या माठातून स्वतः दोन पेले पाणी भरलं आणि दोघींच्या पुढं ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पाण्याला मी माफी समजत नाही. पण त्या दिवसांत पाणी कुणी उगाच भरून देत नसे, हेही खरं.

आठवड्यानंतर बाईंनी औषध दिलं. पुढच्या खेपाही झाल्या. आक्काचे केस गेले आणि मग लहान मुलासारखे मऊ, कुरळे परत आले. कितीतरी वर्षं जगली ती. लेकीचं लग्न तिनं आपल्या हातानं केलं. अत्याबाईंना शेवटी तिनंच पोचवलं. नंतर गाठ पुन्हा आली आणि त्या वेळी कुणाचा सौदा चालला नाही.

भाचीला मी मावशीची, आक्काची सगळी हकीकत सांगितली आहे आणि ती नेमानं तपासून घेते. तिच्या डॉक्टरांशी मी आजही वाद घालतो. एवढ्या वर्षांत काही कळलं का, म्हणतो. तेही सांगतात की घराण्यातून येणारी गोष्ट महत्त्वाची, वजन फार वाढू देऊ नये, पण अमुक खाल्लं म्हणून झालं आणि अमुक खाल्लं तर होणार नाही, असं एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. आणि आजार झाल्यावर उपाशी ठेवू नका, हे तर पहिलं. मी ऐकून घेतो. बदामाएवढ्या जागेत काय काय घडतं, ते एवढ्या शिकलेल्या माणसांनाही पुरतं उलगडलेलं नाही, हे ऐकलं की मला भीती वाटायला हवी. पण वाटतं ते नवलच.

दिवाळीचा डबा अजून जातो. दाजी आता थकलेत. डबा स्वतः उतरवून घेतात, मला जेवायला बसवतात. फोडणीचा वास येतो, तो माझ्याच तेलाचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत जेवतो. एक वाक्य तिथून निघायला हवं होतं, ते निघत नाही, आणि मला ते मागता येत नाही. माझं बोट गरम होतं. मग मी ते पानातल्या वरणात बुडवतो आणि भाकरी मोडतो.